मदत हवी आहे: ओपीआय१ नेमकं काय ओळखतं?

नमस्कार मंडळी. यीस्टमधल्या फॉस्फॅटिडिक ॲसिड या लिपिडवर (पेशीपटलातल्या एका मेदपदार्थावर) सेमिनार तयार करतोय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय.

मला समजलेलं असं: ओपीआय१ हे प्रथिन ईआरच्या (पेशीतल्या अंतर्द्रव्यजालिकेच्या) पटलावर या लिपिडला चिकटून बसतं. इनोसिटॉल (साखरेसारखा एक पोषक रेणू) मिळालं की फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल हे दुसरं लिपिड बनवण्यात हे लिपिड खर्ची पडतं, ओपीआय१ सुटून केंद्रकात जातं आणि इनोसिटॉल तयार करायला लागणारं आयएनओ१ जनुक दाबतं. इथवर ठीक. पण ग्लुकोज संपलं तरी तेच घडतं! तेव्हा पेशीद्रवाचा पीएच उतरतो, लिपिडच्या फॉस्फेटला प्रोटॉन जोडला जातो, ऋणभार घटतो आणि पकड सैल होते. म्हणजे लिपिड तिथेच असतं, फक्त त्याचा भार बदलतो. (ही युक्ती मला भलतीच आवडली.)

आता अडचण. एकीकडे इनोसिटॉलची सुबत्ता, दुसरीकडे ग्लुकोजची उपासमार, आणि उत्तर मात्र एकच. मग प्रयोगात ओपीआय१ केंद्रकात दिसलं, तर लिपिड कमी झालं की पीएच उतरला, हे कसं ओळखायचं? पीएच दाखवणारं फ्लुओरेसंट प्रथिन आणि लिपिडचं मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजमाप, दोन्ही लागेलच का? की ग्लुकोज असतानाच पीएच मुद्दाम उतरवून पाहणं पुरेल? कुणी हे हाताळलं असेल तर कृपया सांगा.