रेडीरेडच्या स्लॉटमध्ये मेसेज बॉक्स उघडला की वजन गोठतं

डिचोलीकर
क्यूटी ६ (खिडक्या-बटणांचे प्रोग्राम लिहायची सी++ लायब्ररी), लिनक्स. खनिजाच्या ट्रकांच्या काट्यावरचं सॉफ्टवेअर आहे. इंडिकेटर (काट्याचं वजन दाखवणारं यंत्र) सिरियल पोर्टवरून सेकंदाला साधारण १० ओळी पाठवतो. रेडीरेड म्हणजे नवा डेटा आल्याचा सिग्नल; त्याच्या स्लॉटमध्ये (सिग्नल आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) एक ओळ वाचून आकडा दाखवतो. दहाचाकी टिपर २८.५ टनांच्या वर गेला की तिथंच मेसेज बॉक्सचं एक्झेक (उत्तर येईपर्यंत न परतणारं फंक्शन) करून "जादा भरलाय, पावती करायची?" असं विचारतो. बॉक्स स्टॅकवर आहे (फंक्शन संपलं की आपोआप जाणारा), पेरेंट म्हणून फॉर्म, म्हणजे खिडकी, दिलाय.

भानगडी अशा: बॉक्स उघडा असेपर्यंत वजन हलत नाही. बंद केल्यावर पुढच्या ट्रकला मागच्याच ट्रकचं वजन दिसत राहतं. ऑपरेटर बॉक्स तसाच सोडून चहाला गेला तर ५ मिनिटांनी टायमर लॉगआउट करतो, फॉर्म डिलीटलेटर (जरा नंतर नष्ट करा असं सांगणं) होतो आणि प्रोग्राम कोसळतो. सेव्ह करताना स्क्रीन अडकते म्हणून प्रोसेसइव्हेंट्स (साठलेले क्लिक वगैरे मध्येच हाताळायला लावणारं फंक्शन) टाकलं, तर एकाच ट्रकच्या दोन पावत्या निघाल्या.

फोंडेकर
पहिल्या दोन भानगडींचं मूळ एकच. एक्झेक आत दुसरा इव्हेंट लूप (क्लिक, टायमर अशा घटना एकेक करून हाताळणारं चक्र) फिरवतं. बटणं, टायमर सगळं चालतं, पण तुमचा स्लॉट अजून परतलेला नसतो. आणि रेडीरेड स्वतःच्या स्लॉटच्या आतून पुन्हा सुटत नाही, हे क्यूटीच्या क्यूआयओडिव्हाइस या क्लासच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आहे. बाइट्स येत राहतात, बफरमध्ये साचतात. बॉक्स २० सेकंद उघडा राहिला की २०० ओळी साचल्या. तुम्ही दर सिग्नलला एकच ओळ वाचता, म्हणजे ती २० सेकंदांची पिछाडी कधीच भरून निघणार नाही. कोसळण्यापेक्षा हे वाईट, कारण चुकीचं वजन गुपचूप छापलं जातं.

स्लॉटमध्ये कॅनरीडलाइन (पूर्ण ओळ आलीय का) खरं असेपर्यंत व्हाइल लूपने सगळ्या ओळी वाचा, शेवटची धरा. एक्झेक काढून ओपन वापरा. बॉक्स न्यूने बनवा, डब्ल्यूए डिलीटऑनक्लोज (बंद होताच नष्ट हो) लावा, उत्तर फिनिश्ड सिग्नलमध्ये घ्या. सिग्नल जोडणाऱ्या कनेक्टमध्ये तिसरा आर्ग्युमेंट म्हणून फॉर्म द्याच, म्हणजे फॉर्म गेल्यावर लॅम्डा (तिथंच लिहिलेलं निनावी फंक्शन) चालणार नाही. ट्रक नंबर आणि वजन लॅम्डात व्हॅल्यूने पकडा. बॉक्स उघडा असताना काट्यावर दुसरा ट्रक चढू शकतो.

एक सापळा: ओपन लगेच परततं, त्यामुळे पुढची जादा वजनाची ओळ आली की दुसरा बॉक्स उघडेल, सेकंदाला दहा! क्यूपॉइंटरमध्ये (ऑब्जेक्ट नष्ट झाला की आपोआप रिकामा होणारा पॉइंटर) बॉक्स ठेवा आणि तो रिकामा नसेल तर नवा उघडू नका.

सांखळीकर
कोसळण्याचं कारण वेगळं आहे. डिलीटलेटर ज्या लूपच्या पातळीवरून बोलावलं, त्या पातळीवर कंट्रोल परतला की ऑब्जेक्ट मरतो. एक्झेकच्या आधी बोलावलं असतं तर आतला लूप त्याला हात लावत नाही. पण तुमचा लॉगआउटचा टायमर आतल्या लूपमध्येच वाजतो, म्हणून फॉर्म तिथंच मरतो, एक्झेक स्टॅकवर असतानाच. फॉर्म मरताना आपल्या चाइल्डला, म्हणजे स्टॅकवरच्या बॉक्सला, डिलीट करायला जातो. स्टॅकवरची वस्तू डिलीट केली की संपलं.

जिथं एक्झेक काढणं शक्यच नाही तिथं बॉक्स हीपवर (न्यूने) घ्या, क्यूपॉइंटर बॉक्सलाही ठेवा आणि फॉर्मलाही. एक्झेक परतल्यावर दोन्ही तपासा. फॉर्म गेला असेल तर कुठल्याही मेंबरला न शिवता रिटर्न करा. बॅकट्रेसमध्ये (एकातून एक बोलावलेल्या फंक्शनांच्या यादीत) एक्झेक किती वेळा दिसतं ते मोजलं की किती लूप एकात एक आहेत ते कळतं. बाहेरच्या लूपला क्विट सांगूनही तो आतला सुटेपर्यंत परतत नाही, हेही लक्षात ठेवा.

डिचोलीकर
दोन पावत्या टाळायला प्रोसेसइव्हेंट्सला एक्सक्लूडयूजरइनपुटइव्हेंट्स हा फ्लॅग दिला तर पुरेल का?

फोंडेकर
नाही हो बाब. तो फ्लॅग क्लिक टाकून देत नाही, नुसते मागे ठेवतो. काम संपून तुम्ही बटण पुन्हा चालू केलंत की साठलेला क्लिक त्या चालू बटणावर येऊन पडतो. म्हणून बटण आधी बंद, सेव्ह क्यूटीकंकरंटच्या रनमध्ये (वेगळ्या थ्रेडमध्ये), आणि त्यावर लक्ष ठेवणाऱ्या फ्यूचरवॉचरचा फिनिश्ड आला की बटण चालू. मधल्या काळात मुख्य लूप मोकळा असतो, त्यामुळे घाईतले क्लिक बंद बटणावर आपटून वाया जातात. डेटाबेसचं कनेक्शन मात्र त्या थ्रेडमध्येच उघडा, मुख्य थ्रेडचं तिथं चालत नाही.

डिचोलीकर
पण ओपनने उत्तर येईपर्यंत छपाई अडवायची कशी? एक्झेकचा तेवढाच फायदा होता.

सांखळीकर
ट्रकच्या नोंदीला अवस्था द्या: वजन स्थिर, विचारणा चालू, मंजूर, नामंजूर. छपाईचं बटण फक्त मंजूर अवस्थेत चालू. वजन मर्यादेच्या आत असेल तर स्थिरवरून थेट मंजूर. फिनिश्डचा लॅम्डा अवस्था बदलतो, बाकी काही करत नाही. लॉगआउटच्या टायमरने विचारणा चालू असलेल्या नोंदी नामंजूर करायच्या आणि मगच फॉर्म बंद करायचा.