एकट्यानेच रानात जाण्याचा नेमका फायदा काय, आणि तो पदरात कसा पाडून घ्यायचा?

उंबरठा :
गटाबरोबर डोंगर-जंगलात बऱ्यापैकी भटकंती होते. पाय दुखतात, फोटो भरपूर निघतात, डोकं मात्र जसं नेलं तसंच परत येतं. "एकदा एकट्याने जाऊन बघ" असं ज्याला विचारावं तो सांगतो, पण "स्वतःची भेट होते" याच्या पुढे कुणाची गाडी सरकत नाही. म्हणून थेट विचारतो.

१) फायदा होतो तो निसर्गामुळे की एकटं असल्यामुळे? निसर्गामुळे होत असेल तर गटात काय वाईट आहे?
२) किती वेळ गेल्यावर फरक पडतो?
३) पहिल्या खेपेला लोकांचं काय चुकतं?
४) एकट्याने जाताना सुरक्षिततेचं किमान काय पाळायचं?

सध्या मुक्काम नको, सकाळी निघून दिवसाउजेडी परत एवढंच डोक्यात आहे.

---

पाणकावळा :
पहिला प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक लेखांत त्यांची खिचडी झालेली असते.

आधी निसर्ग. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने मांडलेली कल्पना अशी : मुद्दाम लावलेलं लक्ष (हिशेब, गाडी चालवणं, मीटिंग) वापरून थकतं. झऱ्याचं पाणी, हलणारी पानं, ढग यांच्याकडे लक्ष आपोआप जातं, जोर लावावा लागत नाही. तेवढ्या वेळात थकलेलं लक्ष भरून निघतं. २००८ साली मिशिगन विद्यापीठात याची चाचणी झाली. लोकांना सुमारे ५० मिनिटं एकेकट्याने चालायला पाठवलं, एकदा झाडांच्या बागेतून आणि एकदा शहरातल्या रस्त्यावरून. ऐकलेले आकडे उलट क्रमाने म्हणून दाखवायची परीक्षा झाडांतून चालून आल्यावर जास्त सुधारली. गंमत म्हणजे ज्यांना कडाक्याच्या थंडीत पाठवलं त्यांना फेरी आवडली नव्हती, तरी फायदा झालाच. म्हणजे "मजा आली नाही, फुकट गेलं" हा निष्कर्ष घाईचा.

दुसरी चाचणी २०१५ ची, स्टॅनफर्डची. ३८ जण, ९० मिनिटं चालणं. गवताळ, झाडांच्या भागातून चालून आलेल्यांचा मनातला रवंथ (त्याच त्या खुपणाऱ्या गोष्टी पुन्हापुन्हा चघळणं) कमी झाला. वाहत्या रस्त्याच्या कडेने चाललेल्यांचा नाही.

आता एकटेपण. २०१८ च्या प्रयोगांत लोकांना नुसतं १५ मिनिटं एकटं बसवलं. तीव्र भावना खाली आल्या, आणि हे नीट वाचा, वाईट आणि चांगल्या दोन्ही. राग, ताण ओसरला तसा उत्साहही ओसरला. एकटेपण उकळी खाली बसवतं, आनंद हातात आणून देत नाही. आणि ते स्वतः निवडलेलं असेल तर जास्त मानवतं.

गटात वाईट काही नाही. २०१२ च्या एका अभ्यासात चार दिवस बिनाफोन रानात राहिलेल्यांची कोडी सोडवायची क्षमता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त भरली, आणि ते सगळे गटातच होते. फरक एवढाच की बोलणं हेही मुद्दाम लावलेलं लक्षच असतं. कोण मागे राहिलं, कुणाला काय लागलं, आपलं वाक्य लागलं तर नाही ना. गटात पायांची जागा बदलते, डोक्याचं काम तेच राहतं. तुमचं डोकं "जसंच्या तसं" परत येण्याचं कारण बहुधा हेच.

---

दुपारची सावली :
पाणकावळा यांना +१. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

मात्रेचे दोन आकडे उपयोगाचे आहेत. २०१९ च्या एका अभ्यासात लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) मोजलं. निसर्गात २० ते ३० मिनिटं झाली की ते सगळ्यात वेगाने उतरतं, नंतरही उतरतं पण हळू. त्या वेळात फोन, वाचन, गप्पा आणि दमवणारा व्यायाम करायचा नाही अशी अट होती. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांच्या पाहणीत असं दिसलं की आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांना तब्येत आणि मन चांगलं असल्याचं जास्त वाटतं. एका दमात किंवा तुकड्यांत, फरक नव्हता. ही पाहणी आहे, कार्यकारण सिद्ध करणारा प्रयोग नाही, हे ध्यानात असू द्या. पण महिन्यातून एक थोर मोहीम काढण्यापेक्षा आठवड्याला दोन तास जवळच्या झाडीत जाणं परवडतं, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

चुकतं काय? लोक रिकामा वेळ ठेवतच नाहीत. शिखर, धबधबा, अंतराचा आकडा, परत. हा व्यायाम झाला. उत्तम आहे, पण तुम्ही विचारताय ते हे नव्हे.

चार तासांची फेरी अशी कापा : पहिला तास सावकाश चाला, इतकं की नाकाने श्वास पुरला पाहिजे. हा तास कंटाळवाणाच जातो. न केलेले फोन, कुणाचं तरी लागलेलं बोलणं, घरचं बिल, सगळं वर येतं. इथेच हात खिशातल्या फोनकडे जातो आणि नव्वद टक्के मंडळी इथेच गळतात (आकडा माझ्या मनाचा आहे, शास्त्राचा नाही). विचार हाकलायला जाऊ नका. चालत राहा, एखादं काम खरंच महत्त्वाचं आठवलं तर कागदावर एक ओळ लिहा आणि मोकळे व्हा.

मग बसा. पाण्याजवळ किंवा झाडाला पाठ टेकून, वाटेपासून दहा-पंधरा पावलं बाजूला, किमान अर्धा तास. सॅक उतरवा, बुडाखाली काहीतरी जाडसर घ्या, कारण गार दगडावर पंधरा मिनिटांतच चुळबुळ सुरू होते आणि सगळा खेळ तिथेच बिघडतो. बसल्यावर सुरुवातीला रान गप्प असतं, ते तुमच्यामुळे. दहा-पंधरा मिनिटं हालचाल केली नाही की आधी किडे, मग लहान पक्षी कामाला लागतात. त्या वेळी एकच चौरस फूट जमीन धरून बघा. मुंग्यांची रांग कुठल्या काडीला वळसा घालते, ओल कुठपर्यंत आहे, ऊन पानावरून किती सरकलं. ध्यानधारणा वगैरे नाव द्यायची गरज नाही. लक्षाला हलकं काम मिळतं आणि विचारांचं गुऱ्हाळ आपसूक थंडावतं.

उरलेला वेळ परतीला.

---

उतरंड :
चौथा प्रश्न. एकट्याने जाण्यातला धोका वेगळ्या जातीचा नसतो. मुरगळलेला घोटा गटात नुसती कटकट असते, एकट्याला तो रात्र रानात काढायला लावू शकतो. म्हणून सगळी तयारी "कुणाला कधी कळेल?" या प्रश्नाभोवती करायची.

निरोप. एका जबाबदार माणसाला लेखी द्या : कुठून चढणार, कुठून उतरणार, गाडी कुठे लावणार, कपड्यांचा आणि सॅकचा रंग, परतीची वेळ, आणि त्याहून महत्त्वाची "मुदत". परतीची वेळ ४ असेल तर मुदत ६. सहापर्यंत फोन आला नाही तर त्या माणसाने कुणाला कळवायचं त्याचा नंबरही त्यातच. यात दोन ठिकाणी हमखास माती खातात. एक, मध्येच वाट बदलतात, मग शोधणारे भलत्या बाजूला शोधतात. दोन, सुखरूप पोचून कळवायला विसरतात. दुसरी चूक दोनदा झाली की तिसऱ्यांदा तुमचा निरोप कुणी मनावर घेत नाही.

वेळेचं गणित. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ याचा १८९२ चा नियम आजही चालतो : दर ५ किलोमीटरला १ तास, वर दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. १० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर ३ तास. हे धडधाकट माणसाचं, न थांबता. बसायचं, बघायचं असेल तर दीडपट धरा, म्हणजे साडेचार. शिवाय मागे फिरायची वेळ निघतानाच ठरवा. सात वाजता निघून एकला परत यायचं असेल तर दहा वाजता जिथे असाल तिथून वळायचं, माथा शंभर पावलांवर दिसत असला तरी. गटात कुणीतरी "चला आता" म्हणतं, इथे ते काम घड्याळाचं.

वाट. चढताना वाटा एकमेकींना मिळत जातात म्हणून चुकायला होत नाही. उतरताना त्याच वाटा फुटतात. त्यामुळे चढताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा, परतताना जे दिसणार आहे ते आत्ताच डोळ्यांत साठवा. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि एअरप्लेन मोड लावा. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, आणि क्षीण सिग्नल शोधत बसलेला फोन बॅटरी झपाट्याने खातो. अडचणीत एअरप्लेन मोड काढूनही कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस पाठवून बघा, तो कधीकधी निघून जातो.

चुकलात तर थांबा, बसा, पाणी प्या, दहा मिनिटं काहीही ठरवू नका. शेवटची खात्रीची जागा स्पष्ट आठवत असेल तरच तिथवर मागे जा. नाहीतर बसून राहा, म्हणजे निरोपाचा कागद कामाला येईल. "ओढा धरून उतरलं की वस्ती लागते" या भरवशावर राहू नका. ओढ्याच्या वाटेत कडाही येतो.

सॅक. पाणी तासाला अर्धा लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दिवसाची फेरी असली तरी हेडटॉर्च. चिकटपट्टी, पायात चुरचुरायला लागल्याक्षणी लावायला. फोड आल्यावर लावून उपयोग कमी. क्रेप बँडेज. पाऊस अडवणारा एक थर आणि कोरडा, सुती नसलेला एक थर, कारण ओलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं आणि दर १००० मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. शिट्टी सॅकमध्ये नको, गळ्यात हवी.

एकट्याने करायचं नाही : गुडघ्यावर चढलेलं वाहतं पाणी ओलांडणं, हात लावून चढावं लागतं असा कातळ, आणि वीज. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा कमी अंतर असेल तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. उघड्या माथ्यावरून आणि एकट्या झाडाखालून हला, पक्कं छप्पर किंवा बंद गाडी गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

---

काजळमाया :
थोडा विरोधी सूर. २०१४ च्या एका प्रयोगात लोकांना ६ ते १५ मिनिटं नुसतं विचार करत एकटं बसायला सांगितलं होतं. एका भागात बटण दाबून स्वतःला विजेचा सौम्य झटका घ्यायची सोय होती. १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी तो घेतला! ते रिकाम्या खोलीत होतं हे खरं, रानात डोळ्या-कानांना काम असतं. तरी "एकटं बसलं की शांत वाटतं" हे प्रत्येकाला लागू नाही.

नुकतंच कुणी गेलंय, झोप उडालीय, जगावंसं वाटत नाही असे विचार येताहेत, अशा वेळी एकट्याने रान गाठू नये. तेव्हा डॉक्टर किंवा समुपदेशक, आणि फिरायला जायचं तर गप्प चालू शकणारं एखादं माणूस सोबत. फिट येणं, रक्तातली साखर अचानक उतरणं, मधमाशीच्या दंशाची तीव्र ॲलर्जी असेल त्यांनी ओसाड वाटेऐवजी माणसांची ये-जा असलेली बाग किंवा तळ्याचा काठ धरावा. दोन तास तिथेही भरतात.

---

उंबरठा :
सगळ्यांचे आभार, निरोपाच्या कागदाची कल्पना तर डोक्यातच आली नव्हती. दोन उपप्रश्न. कानात गाणी चालतील का? आणि एकट्याला आवाजांची भीती वाटते, पाचोळ्यात काही खसखसलं की काळीज लक्कन हलतं. त्याचं काय करायचं?

---

दुपारची सावली :
गाणी येता-जाता गाडीत. कान बंद केले की मागून येणारं जनावर, सायकल, सुटलेला दगड काहीच कळत नाही, आणि लक्ष पुन्हा कुणाच्या तरी शब्दांना जुंपलं जातं.

भीतीवर उपाय म्हणजे जागा न बदलणं. पहिल्या तीन-चार खेपा एकाच ठिकाणी, एकाच वेळी जा. खसखस झाली की थांबून आवाज कुठून आला ते शोधा, बहुतेक वेळा सरडा किंवा पाचोळा उलटणारा पक्षी निघतो. तिसऱ्या खेपेला निम्मे आवाज ओळखीचे होतात. मोठी जनावरं असलेला भाग मात्र पहिल्या खेपांसाठी निवडूच नका, तिथली भीती रास्त असते. पहाटे आणि तिन्हीसांजेला तर नाहीच.

---

उतरंड :
शिट्टीचं राहिलं होतं. आल्प्समधला संकेत : एका मिनिटात ६ शिट्ट्या, मग एक मिनिट गप्प, पुन्हा ६. उत्तर मिनिटाला ३ असं येतं. काही देशांत मदतीसाठी ३ शिट्ट्यांचा रिवाज आहे, जाल तिथलं विचारून घ्या. उत्तर आलं तरी थांबू नका, माणूस समोर दिसेपर्यंत वाजवत राहा, कारण डोंगरात प्रतिध्वनी फसवतो आणि शोधणाऱ्याला दिशा पुन्हापुन्हा लागते.