मदत हवी आहे : भाचा सिग्नल्समध्ये निवडला गेलाय, ट्रेड (म्हणजे नेमून दिलेलं काम) कसा ठरतो?

नमस्कार मंडळी. माझा भाचा अग्निवीर टेक्निकलमधून निवडला गेला आणि त्याला कोअर ऑफ सिग्नल्स, म्हणजे लष्कराची संदेशवहन शाखा, मिळालंय. ट्रेनिंगसाठी जबलपूरला जायचंय. आमच्या घरात याआधी फौजेत कुणीच नाही. गावातले माजी सैनिक मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, ते सिग्नल्सबद्दल फारसं सांगू शकत नाहीत.

पोराला या कामाची खरी ओढ आहे. बारावी सायन्स झाल्यापासून गल्लीतले बंद पडलेले रेडिओ, सेट-टॉप बॉक्स घरी आणून सोल्डरिंग करत बसतो. बोटांना चटके बसलेत, पण काम सोडत नाही.

तर विचारायचंय ते हे, की ऑपरेटर, लाइनमन की उपकरणं दुरुस्त करणारा टेक्निशियन, हे तिथे कशावरून ठरवतात? चाचणीतले गुण, अधिकाऱ्यांचं मत, की त्या वेळच्या रिकाम्या जागा? जवानाची आवड विचारतात का? निघण्याआधी त्याने नेटवर्किंग शिकावं की आधी इंग्रजी पक्कं करावं?

आणि माझी मोठी काळजी पुढची आहे. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात. तिथलं प्रशिक्षण बाहेर टेलिकॉममध्ये धरतात का? महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये जवानांनाही कोर्स मिळतात असं ऐकलंय. अग्निवीर असतानाच ती संधी मिळते, की कायम झाल्यावरच?

जबलपूर किंवा गोव्याच्या सेंटरमधून गेलेल्या कुणी स्वतःचा ट्रेड कसा मिळाला ते सविस्तर लिहिलंत तर फार उपकार होतील. फोनवर बोलायला तयार असाल तर तसंही कळवा, भाचा स्वतः बोलेल.