शंभर मीटरच्या पलीकडच्या जमिनीचे काय?

पुण्यातील बांधकामांवरच्या चर्चेत एका प्रतिसादात असे मत मांडले आहे की, संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित (बांधकामास मनाई) आणि त्यापुढे आणखी 200 मीटर नियंत्रित (परवानगीनेच बांधकाम) क्षेत्र असताना बांधकामापूर्वी वेगळ्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणाची गरज नाही. मला हे पटत नाही. 2010 च्या दुरुस्तीने प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यात आलेली ही मर्यादा शनिवारवाडा किंवा पाताळेश्वर यांसारख्या घोषित वास्तूंभोवतीच लागू होते. पेठेतल्या एखाद्या पडक्या वाड्याच्या पोटात काय दडले आहे, हे ती विचारत नाही.

कसबा पेठेत वाडा पाडून केलेल्या एका खड्ड्याच्या काठावर मी उभा होतो. कापलेल्या भिंतीत वर विटा आणि चुना, खाली राखेचा बोटभर काळा पट्टा आणि त्याखाली खापरांचे तुकडे स्पष्ट दिसत होते. संध्याकाळपर्यंत ती सगळी माती डंपरमधून निघून गेली. खापरे जपली असती तरी ती कोणत्या थरातली होती हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि खरी माहिती त्या थरांच्या क्रमातच असते.

सर्वेक्षण म्हणजे वर्षानुवर्षे काम रखडणे नव्हे. आधी जुने नकाशे व कागदपत्रे पाहायची, मग जागेवर पायी फिरायचे आणि शंका आल्यास एक-दोन चाचणी खड्डे घ्यायचे. कात्रजहून येणाऱ्या पेशवेकालीन पाणीपुरवठ्याच्या नळासारख्या गोष्टी पहिल्याच पायरीवर लक्षात येऊ शकतात. पुरातत्त्व शिकवणारी डेक्कन कॉलेजसारखी संस्था ज्या शहरात आहे, तिथे निदान पेठांमधील बांधकाम परवानगीला ही अट जोडायला हवी.