हील्स घालून चालायला शिकतोय, पाय कलंडतो – मदत हवी आहे

रोहित्र
नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. हील्स घालून चालायची प्रॅक्टिस करतोय, आठवडा झाला. चार पावलं बरी पडतात, पाचव्याला डावा पाय बाहेरच्या बाजूला कलंडतो. काल सोफ्याचा कोपरा हाताला लागला म्हणून वाचलो. पंधरा-वीस व्हिडिओ पाहिले, सगळीकडे 'कॉन्फिडन्स ठेवा'. कॉन्फिडन्स आहे हो, तोल नाही. पुरुष आहे, वजन ७८, ऐरोलीला राहतो. हातात १८ दिवस आहेत. ज्यांना अनुभव आहे त्यांनीच लिहा. आणि 'का' ते विचारू नका.

घोडबंदरग्रस्त
किती इंच? बारीक टोकाची पेन्सिल की रुंद टोकाची ब्लॉक? घोट्याला पट्टा आहे की नुसती पुढून अडकवायची? डॉक्टरकडे जाऊन 'दुखतंय' एवढंच सांगून गप्प बसल्यासारखं झालं हे.

विंगेतून
वा, एकांकिका दिसतेय! मनापासून शुभेच्छा. आम्ही १९८९ साली कॉलेजच्या नाटकात स्त्रीपार्ट केला होता, तालमी मित्राच्या नौपाड्यातल्या गच्चीवर. दिग्दर्शकाने पहिले आठ दिवस एकही संवाद म्हणू दिला नाही. डोक्यावर पाण्याने भरलेला तांब्या आणि गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. बालगंधर्वांचं काय होतं? नेसलेला शालू तर होताच, पण बायका त्यांच्याकडे बघून साडी नेसायला शिकल्या ते त्या चालण्यामुळे, वळण्यामुळे. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत गेले तेव्हा वय अवघं सतरा. तुम्हाला तर १८ दिवस आहेत. तांब्या घ्या.

रोहित्र
नाटक नाही. चार इंच, पेन्सिल, पट्टा आहे.

विंगेतून
नाटक नसलं तरी तांब्या चालतो.

बेलापूरची_बया
तांब्याने काही होत नाही. डोक्यावर तांब्या असला की सगळं लक्ष तांब्याकडे, आणि मान ताठली की खांदे कानाला टेकतात. अकरा वर्षं मी बेलापूर ते सीएसएमटी हील्समध्ये गेले-आलेय, दोन्ही वेळच्या गर्दीत. दहा पावलांवर काय आहे तिकडे बघायचं, जमिनीकडे नाही. पाऊल नेहमीच्या निम्मं. टाच आधी टेकवायची, लगेच पंजा. गुडघा वाकलेला ठेवलात तर उंट दिसाल. पुरुष हमखास गुडघे वाकवून चालतात, कारण पोटऱ्या आखडलेल्या असतात.

एक सांगा, चालताना आवाज कसा येतो?

रोहित्र
आवाजाचा काय संबंध? टक टक येतो, हील्सचा येतो तसाच. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा विचारलं की रात्री साडेअकराला खिळे ठोकता का.

बेलापूरची_बया
खिळेच ठोकताय तुम्ही! हील उलटी करून टोक बघा. तिथे काळ्या रबराची चकती असते, आपल्या नखाएवढी. ती झिजली की आतला लोखंडी खिळा बाहेर येतो आणि फरशीवर थेट लोखंड टेकतं. विट्रिफाइड टाइलवर लोखंड म्हणजे बर्फावर चालणं. डाव्या हीलची चकती बाहेरच्या बाजूने तिरकी झिजली असणार, लिहून देते.

डॉ_नव्हे
टाच दुखत असेल तर पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवा आणि सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकण्याआधी ती तळव्याखाली पाच मिनिटं फिरवा. मला दोन वर्षं त्रास होता. पहिलं पाऊल टाकताना डोळ्यांत पाणी यायचं. अनवाणी फरशीवर चालणं पूर्ण बंद केलं, मऊ स्लीपर घरातही. आता ९० टक्के आराम.

घोडबंदरग्रस्त
त्यांची टाच दुखत नाहीये.

डॉ_नव्हे
दुखेल.

रोहित्र
@बया ताई, बघितलं. डाव्या हीलला चकती जवळजवळ नाहीच, खिळ्याचं डोकं चकाकतंय. उजवीला अर्धी आहे. कुठे मिळते?

बेलापूरची_बया
कुठल्याही स्टेशनबाहेर चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. दोन्ही एकदम बदला, एकच बदललीत तर लंगडाल. पण थांबा, आठवड्यात एवढी झीज होत नाही. जोड जुना आहे का?

रोहित्र
४१ चा, वापरलेला घेतलाय. ठाण्यात राम मारुती रोड, गोखले रोड, स्टेशनसमोरची गल्ली सगळं फिरलो. लेडीजमध्ये ४१ च्या पुढे कोणी ठेवत नाही. साइझचा प्रश्न सुटलाय, त्याबद्दल मी विचारलेलंच नाही.

काथ्याकूट
तुम्ही ज्याला बायकी फॅशन म्हणताय ती मुळात पुरुषांचीच. इराणी घोडेस्वार टाचेचे बूट घालायचे, रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून. म्हणजे घोड्यावर उभं राहून बाण सोडता येतो. सतराव्या शतकात ते युरोपात गेलं. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे बूट घालायचा, १७०१ च्या चित्रात स्पष्ट दिसतात, पाय पुढे काढून उभा आहे. बायकांनी ती फॅशन पुरुषांकडून घेतली.

घोडबंदरग्रस्त
बायकी कोणी म्हटलं इथे?

काथ्याकूट
म्हणायच्या आधीच सांगून ठेवलं.

कोल्हापुरी_खरी
चार इंच कशाला? करकर वाजणारी कापशी कोल्हापुरी चप्पल घ्या, रुबाब बघा. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. आपलं सोडून परक्याच्या मागे लागायचं हा आपल्या लोकांचा जुना रोग.

फणसपोळी
मला मूळ प्रश्नाबद्दल एकच वाटतं, पाय साधारण किती नंबरचा? ४१ चा जोड घेतलाय म्हणता आणि पाय बाहेर कलंडतो म्हणता.

रोहित्र
बूट ९ नंबरचे घालतो. ४१ हा परदेशी नंबर आहे, वेगळा असतो.

फणसपोळी
वेगळा असतो, पण एवढा नाही. आपला ९ म्हणजे त्यांचा साधारण ४३. ४१ म्हणजे सातच्या आसपास. तुम्ही दोन नंबर लहान जोडात चालताय. एकदा भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा, अंगठ्यापुढे पेन्सिलीने खूण करा, अंतर मोजा. संध्याकाळी मोजा, सकाळी पाय लहान असतो.

रोहित्र
साडेसत्तावीस सेंटिमीटर. आणि जोडाच्या आतला तळ सव्वीस भरतोय.

बेलापूरची_बया
अहो!! दीड सेंटिमीटर बोटं गेली कुठे मग? आत मुठीसारखी आवळलेली असणार. बोटं पसरली तरच पंजावर वजन पेलतं. तुमची करंगळी तर पट्ट्याच्या बाहेर लोंबत असेल. म्हणून पाय बाहेर पडतो. इतका वेळ आम्ही गुडघे नि मान करत बसलो.

रोहित्र
करंगळी बाहेर आहे, हो. मला वाटलं तसंच असतं.

अण्णा_निवृत्त
कलियुग.

संपादक मंडळ
विषयाला धरून लिहा. शेरेबाजीचा एक प्रतिसाद उडवला आहे. अण्णांचा ठेवला आहे, त्यात आक्षेपार्ह असं काही सापडलं नाही.

विंगेतून
बयाताई, तुम्ही टाच आधी म्हणता, आम्हाला दिग्दर्शकाने पंजा आधी शिकवला होता. शिवाय एका रेषेत पावलं.

बेलापूरची_बया
रंगमंचावर पंजा आधी टाकत असतील, रस्त्यावर असं चाललात तर चोरासारखे दिसाल. आणि एका रेषेत मॉडेल चालतात. चार इंचांवर नवशिक्याने एका रेषेत पावलं टाकली की बाजूला आधारच उरत नाही. हार्बर लाइनसारखे दोन रूळ ठेवा, मोनोरेल नको. जिना चढताना फक्त पंजा पायरीवर, टाच हवेत. उतरताना अंग थोडं तिरकं, हात कठड्याला. यात लाज नाही, मी अजून धरते. आधी आठवडाभर दोन इंच ब्लॉकवर चाला. ओट्याला हात लावून टाचा वर-खाली, वीस वेळा, सकाळ-संध्याकाळ. पोटऱ्या सैल झाल्या की गुडघा आपोआप सरळ होतो.

विंगेतून
तांब्याने मानेला शिस्त लागते एवढंच म्हणणं आहे.

घोडबंदरग्रस्त
रोहित्र, १८ दिवसांनी नक्की आहे काय? 'का' नाही विचारत. कुठे चालायचंय, किती वेळ, फरशी कसली, एवढं तरी सांगा.

रोहित्र
मित्राच्या लग्नाचं संगीत आहे. शेरवानीखाली घालायच्या आहेत. स्त्रीवेष नाही, पैज नाही, कोणाला हसवायचं नाही. मला आवडतात म्हणून. मित्राला माहीत आहे, त्याच्या आईलाही. साधारण चार तास. जागा घोडबंदर रोडला, लॉन आहे.

फणसपोळी
लॉन!

बेलापूरची_बया
लॉन??

घोडबंदरग्रस्त
लॉन म्हणजे गवत ना? माती? संध्याकाळी कार्यक्रमाआधी पाणी मारतात ते?

रोहित्र
हो, लॉनच. का?

बेलापूरची_बया
देवा. अहो, ७८ किलो वजन आणि खाली नखाएवढं टोक. ओल्या गवतात पेन्सिल हील तंबूच्या खुंटीसारखी जाते. पाय पुढे जातो, जोड मागे राहतो. माझ्या नणंदेच्या रिसेप्शनला मी अक्षरशः रोवली गेले होते, दोघींनी उपटून काढलं. तुम्ही ही गोष्ट पहिल्याच ओळीत लिहायला हवी होती. ऐरोली न लिहिता चाललं असतं.

आता ऐका. पेन्सिल रद्द. चारही रद्द. ब्लॉक हील, टोक किमान दोन बोटं रुंद, उंची तीन. उंच दिसायचंच असेल तर पंजाखाली एक इंचाचा प्लॅटफॉर्म घ्या. मागे चार आणि पुढे एक असलं की पायाला तीनच कळतात. किंवा सरळ वेज, त्याचा तळ सलग असतो, रुततच नाही. घोट्याला पट्टा हवाच.

रोहित्र
पण ४३ मध्ये कुठे मिळणार? तेच तर रडगाणं आहे.

फणसपोळी
करून घ्या. कुर्ल्याजवळ ठक्कर बाप्पा कॉलनी, तिथे घरोघरी चपला-बूट बनतात. नमुना किंवा फोटो न्या, पाय रुंद असेल तर तेही सांगा. पुरुषाच्या पंजाची रुंदी वेगळी, नुसती लांबी वाढवून चालत नाही. १८ दिवसांत होईल, पण उद्याच जा.

घोडबंदरग्रस्त
आणि कार्यक्रम सातचा असेल तर ऐरोलीहून चारला निघा. मानपाड्याच्या पुढे गाडीत बसूनच हील्स मोडतील. कुठलाही विषय काढा, शेवटी माझ्या रस्त्यावरच येतो.

कोल्हापुरी_खरी
लॉनवर कापशी रुतत नाही, एवढंच नमूद करतो.

रोहित्र
(आठ दिवसांनी) उशिरा लिहितोय. आधी जुन्या जोडाची रबरं बदलून घेतली, निदान घरात टक टक थांबावी म्हणून. स्टेशनबाहेरच्या काकांनी डावी हील हातात घेतली, खिळ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मॅडमना सांगा, खिळा दिसायच्या आधी आणत जा." मी म्हटलं, सांगतो.

मग कुर्ल्याला गेलो. कसं सांगायचं याची ट्रेनमध्ये वाक्यं जुळवत होतो. दुकान म्हणजे पोटमाळ्याची खोली, सोल्युशनचा वास, कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांचा ढीग. म्हटलं, तीन इंच ब्लॉक, ४३, माझ्यासाठी. कारागिराने कागद टाकला, पाय ठेवायला लावला, पेन्सिल फिरवताना वर न बघता विचारलं, "फरशीवर चालणार की गवतावर?"

शुक्रवारी मिळतोय जोड. तोवर बायकोच्या दोन इंची वेजमध्ये टाच बाहेर काढून ओट्याजवळ चालतोय. पाय कलंडत नाही. काकू कालपासून गप्प आहेत.

बेलापूरची_बया
बायको आहे तुम्हाला? मग इतके दिवस तिला का नाही विचारलंत?

रोहित्र
ती फक्त फ्लोटर्स घालते. वेज तिच्या लग्नातल्या, तेव्हापासून डब्यात होत्या.

विंगेतून
संगीतचा फोटो टाका. आणि एकदा तरी तांब्या ठेवून बघा.

अण्णा_निवृत्त
त्या लॉनचं भाडं किती, कळेल का? नातीचं लग्न डिसेंबरात आहे.