खातं गोठवलंय, उद्या चेक लागणार आहे – तातडीने मदत हवी

शिवार_सेवा
लोकहो, डोकं चालेना झालंय. काल संध्याकाळपासून खातं बंद. यूपीआय जात नाही, एटीएममधून पैसे निघत नाहीत. ब्रँचमध्ये गेलो तर म्हणे "सायबरचं आहे, वरून आलंय, आमच्या हातात काही नाही". उद्या खतवाल्या पार्टीला दिलेला १ लाख ४० हजारांचा चेक वटायला लागणार. मी कुणाला ओटीपी दिलेला नाही, लिंक उघडलेली नाही. काय करू ते लवकर सांगा.

जुना_कॅशियर
खातं सेव्हिंग का करंट? अख्खं खातं गोठवलंय का ठराविक रकमेवर लीन आहे, म्हणजे तेवढीच रक्कम अडवलीय? बँकेने तक्रार क्रमांक दिला का? एवढं तरी लिहा हो.

सदू_सावध
आधी यूपीआय पिन बदला. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. माझ्या मेव्हण्याने जुना सोफा विकायला काढला, समोरच्याने क्यूआर पाठवला, यांनी पिन टाकला आणि १२ हजार गेले.

शिवार_सेवा
पिनचा काय संबंध? माझे पैसे गेलेच नाहीत, अडकलेत! सेव्हिंग आहे, दुकानाचा क्यूआरही त्यालाच जोडलाय. पैसे येतायत, जात नाहीत.

जुना_कॅशियर
म्हणजे डेबिट फ्रीज. कुणीतरी फसला, त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले, ती सगळी साखळी सायबर तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर दिसते. त्यातला एखादा तुकडा तुमच्याकडे आलाय. गेल्या महिन्यात अनोळखी माणसाकडून मोठी रक्कम आली होती का?

रोकडा_बरा
म्हणून मी काउंटरवर क्यूआर ठेवतच नाही. गल्ल्यातली नोट कुणी फ्रीज करत नाही.

पेठेतला_वकील
रोकडा, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, बसा मग नोटा मोजत. धागाकर्ते, पोलीस हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली करायचे. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १०६. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच सांगितलंय की वादातल्या रकमेपुरतंच गोठवा. सरळ हायकोर्टात रिट टाका.

जुना_कॅशियर
वकीलसाहेब, उद्या चेक आहे आणि तुम्ही रिट काढताय! फी किती, तेही सांगा की.

शिवार_सेवा
एक ९,००० ची एंट्री आहे, बारा दिवसांपूर्वीची. पण ती गिऱ्हाइकाचीच.

जुना_कॅशियर
काय विकलं? बिल आहे का?

शिवार_सेवा
विकलं असं काही नाही. एक पोरगा आला, डोक्यावर हेल्मेट तसंच. म्हणाला एटीएम बंद आहे, बहीण दवाखान्यात आहे, स्कॅन करतो, रोख द्या. साउंडबॉक्स बोलला "नऊ हजार रुपये प्राप्त झाले", मी गल्ल्यातून पाचशेच्या १८ नोटा मोजून दिल्या. वर शंभर देत होता, ते मी घेतलेही नाहीत. आमच्याकडे असं सगळेच करतात.

पेठेतला_वकील
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं!

माहेरची_हिशेबनीस
ओरडू नका त्यांना. चोरीच्या पैशाची रोख करायची ही जुनीच तऱ्हा आहे. पेट्रोल पंपवाले, मोबाइल शॉपीवालेही यातच सापडतात. बिल नसलं तरी त्या दिवसाचं सीसीटीव्ही आजच कॉपी करून ठेवा, बऱ्याच दुकानांत पंधरा दिवसांत जुनं पुसलं जातं. बँकेकडून तक्रार क्रमांक, पोलीस ठाणं आणि तपास अधिकाऱ्याचा मेल लेखी मागा. व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय क्रमांक, आधार, दुकानाचा परवाना, घडलं तसं निवेदन, सगळं मेलने पाठवा. खोटं बिल मात्र करू नका, नाहीतर साक्षीदाराचे आरोपी व्हाल.

सदू_सावध
रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, फुकट आहे.

पेठेतला_वकील
पोलिसांच्या आदेशावरून बँकेने केलेली कारवाई लोकपाल योजनेत बसतच नाही. शिवाय आधी बँकेला ३० दिवस द्यावे लागतात.

माहेरची_हिशेबनीस
पण आदेश ९,००० चा असेल आणि ब्रँचने अख्खं खातं लॉक केलं असेल, तर ते बँकेचंच करणं झालं ना? आधी आदेशाची प्रत बघा, त्यात किती लिहिलंय.

जुना_कॅशियर
हे बरोबर. आणि चेकचं आता: पार्टीला आत्ताच फोन करा, भरू नका म्हणा. भरलाच आणि परत आला, तरी नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस असतात. वहिनींच्या खात्यातून एनईएफटी होईल का बघा.

शिवार_सेवा
पार्टीने सोमवारपर्यंत थांबतो म्हटलंय. ब्रँचला पुन्हा जाऊन आलो, अर्धा तास उभं राहिल्यावर प्रत दाखवली. रक्कम ९,००० च, ठाणं परराज्यातलं. अख्खं खातं का, विचारलं तर मॅडम म्हणाल्या "सिस्टीममध्ये तोच ऑप्शन आहे". ९,००० वर लीन ठेवून बाकी खातं खुलं करा असा अर्ज दिला, पोच घेतली. ठाण्याचा फोन लागत नाही. सीसीटीव्हीत पोरगा आहे, पण हेल्मेट!

जुना_कॅशियर
गाडीचा नंबर दिसतो का?

रोकडा_बरा
ते जाऊ द्या, त्या साउंडबॉक्सचं महिन्याला भाडं किती पडतं?