उत्तर: स्लीव्ह करावी का?

नौपाड्याच्या ताई, तुम्ही विचारलंय की वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याची शस्त्रक्रिया, करावी का. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३६ आणि डायबेटिस म्हणजे या शस्त्रक्रियेच्या आजच्या निकषांत तुम्ही नक्की बसता. आशियाई लोकांसाठी तर २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २७.५ पासूनच विचार करायला सांगितलंय. पण त्याआधी तुम्ही ओझरतं लिहिलेलं एक वाक्य मला खटकलं: "रात्री छातीत जळजळ होते, गोळी घेतली की बरं वाटतं."

हे सर्जनला आधी सांगा, आणि एंडोस्कोपी (दुर्बिणीने अन्ननलिका-जठराची तपासणी) करूनच निर्णय घ्या. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५-८० टक्के भाग कापून काढतात, तो परत जोडता येत नाही. उरलेल्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि ॲसिड वर येण्याचा त्रास बऱ्याच जणांना वाढतो. अशा पेशंटला गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं) बरा पडतो, डायबेटिसवरही त्याचा परिणाम जास्त चांगला दिसतो. "स्लीव्ह सोपी असते" एवढंच सांगणाऱ्याकडून उठून दुसरं मत घ्या.

इन्शुरन्सवाले वेगळं मोजतात. तिथे ४० बीएमआय, किंवा ३५ च्या वर असून औषधांनी आटोक्यात न येणारा टाइप २ डायबेटिस वगैरे लागतं. एचबीए१सीचे (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचे) जुने रिपोर्ट जपून ठेवा.

शाकाहारी असाल तर प्रोटीन आणि बी१२ चं गणित डाएटिशियनकडे आत्ताच मांडा. सप्लिमेंट आयुष्यभर आहेत. (आणि हो, कुंजविहारचा अख्खा वडापाव विसरा!) वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनबद्दलही विचारा, मात्र ती थांबवली की वजन बहुधा परत चढतं.

एंडोस्कोपीत काय निघालं ते इथे कळवा.